कान्हेरीची दुसरी खेप

रविवारी पहाटे बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेस उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या दाराकडे चालू लागले, म्हणजे मुंबई अद्याप निजलेली असेल हा समज पार फिटतो. दूधवाले व वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारी पोरे यांच्यामधून वाट काढीत पन्नाशी उलटलेले सद्गृहस्थ अर्ध्या चड्ड्या घालून जात असतात, आणि त्यांच्या मागून डोक्यास रुमाल गुंडाळलेल्या गृहिणी. द्रुतगती महामार्ग ओलांडून हा सारा मेळा रानात शिरतो. ही मंडळी धावावयास निघालेली असतात. काही महिन्यांपासून आम्हीही त्यांत सामील झालो आहो.

सामील होण्याचे कारण भूषणावह नाही. मुंबईत २००४ सालापासून जी मॅरेथॉन शर्यत भरते, तीत गेल्या खेपेस आम्ही उतरलो होतो. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसापासून निघून, वांद्रे-वरळी सागरी सेतू पाहून, परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तो छत्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास. त्या चढाच्या पायथ्याशी आम्ही पदपथाच्या कडेला जे बसलो ते उठलोच नाही. पाय संपले, असे त्या वेळी आम्ही शपथेवर सांगितले असते. पण त्याच संध्याकाळी इमारतीची लिफ्ट बंद होती, आणि चार मजले आम्ही कठड्यास न धरता चढून गेलो. दारात घरच्यांनी विचारले, "पाय संपले होते ना?" त्या प्रश्नास आम्हांस उत्तर देता आले नाही, आणि पुढे कित्येक दिवस तो मनातून जाईना.

बोरिवलीच्या दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंतची सडक सुमारे सहा किलोमीटरांची आहे. आरंभी ती सपाट असून दहिसर नदीच्या सोबतीने जाते. मग झाडी दाटते, वळणांमागून वळणे येतात, आणि शेवटच्या टप्प्यात चढ सुरू होतो. या रानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर. विहार व तुळशी हे दोन्ही तलाव त्याच्या पोटात आहेत आणि पूर्वेकडची उतरण थेट मुलुंडच्या वस्तीस जाऊन भिडते. बिबळे आहेत, म्हणून पुरते उजाडल्यावाचून आत दूरवर जाऊ नये. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा सडकेच्या कडेची काही वळणे पेटल्यासारखी दिसतात. परंतु धावणाऱ्यास पळसाचे कौतुक कोठून असावयाचे! त्याचे मन एकच हिशेब करीत असते : अजून किती राहिले?

हा हिशेबच आमचा वैरी आहे, हे आम्हांस प्रथम सांगितले ते मुलुंडहून येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने. मंडळीत त्यांस सर्व जण 'बाई' म्हणतात. आमच्याहून त्या वयाने वडील, आणि अशा शर्यती त्यांनी अनेक पुऱ्या केलेल्या. दोन रविवार आमच्या बरोबरीने धावल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही धावता थोडे आणि बेरजा-वजाबाक्या फार करता. वारकरी आळंदीहून निघतो तो रोज पंढरपूर मोजीत चालतो काय? त्याला आजचा मुक्काम पुरतो."

बाईंचे म्हणणे शास्त्रास सोडून नाही, हे पुढे वाचनात आले. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतील साखरेचा साठा ओसरत येतो व शरीर खरोखरच क्षीण होते, यात वाद नाही. पण दक्षिण आफ्रिकेतील शरीरशास्त्रज्ञ टिम नोक्स यांनी एक साधीच गोष्ट पुढे मांडली. मेटाकुटीस आलेला धावपटू शेवटची कमान दिसताच वेग वाढवितो. शक्ती खरोखर संपली असती तर हा वेग कोठून आला? त्यांच्या मते मेंदू उरलेले अंतर, उष्मा व शिल्लक साठा यांचा अदमास घेऊन आधीच हात आखडता घेतो, आणि त्या आखडण्यालाच आपण थकवा म्हणतो. हा सिद्धांत सर्वांस मान्य झालेला नाही. आमच्या चार मजल्यांचा उलगडा मात्र त्याने बराचसा होतो. इंग्लंडात २००४ साली झालेला एक प्रयोग याहून मौजेचा आहे. सायकलस्वारांनी साखरेचे पाणी तोंडात खुळखुळवून थुंकून टाकले, थेंबही गिळला नाही, तरी ते अधिक जलद गेले! तेव्हापासून आम्ही खिशात गुळाचा खडा बाळगतो. तो गिळतो मात्र.

उपनगरवासीयांनी ध्यानी घ्यावा असा प्रयोग २००९ सालचा, वेल्समधील बँगॉर विद्यापीठातला. सोळा जणांस दीड तास संगणकापुढे बसवून, लक्ष ढळू देता येणार नाही असे कंटाळवाणे काम दिले आणि मग सायकल हाकावयास लावली. ज्या दिवशी तोच वेळ त्यांनी निवांतपणे माहितीपट पाहण्यात घालविला, त्या दिवसाच्या मानाने ते पुष्कळ आधी थांबले. हृदयाच्या किंवा स्नायूंच्या कामात त्याचे कारण सापडेना; श्रम मात्र त्यांस पहिल्यापासूनच अधिक वाटत होते. दिवसभर कचेरीत आकडे तपासून, अंधेरीपर्यंत लोंबकळत येऊन, सायंकाळी धावावयास निघालेल्या मनुष्यास पहिल्याच किलोमीटरला धाप लागते ती का, हे आम्हांस त्या दिवशी समजले. तोवर आम्ही वयाला दोष देत होतो.

एकदा मुद्दाम उन्हे वर आल्यावर, धावण्याचा वेष उतरवून, घरच्या मंडळींसह आम्ही लेणी पाहिली. शंभराहून अधिक लेणी एकाच काळ्या दगडाच्या डोंगरात कोरलेली आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही अंगांस सात मीटरांच्या आसपास उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. मंडळी त्यांच्यापुढे थबकली. आमचे पाय मात्र भिक्षूंच्या खोल्यांकडे वळले. दगडाचाच बाक, जवळ पावसाचे पाणी साठविण्याचे टाके, एवढाच प्रपंच. अशा ठिकाणी जवळजवळ हजार वर्षे माणसे श्वासाच्या येण्याजाण्यावर चित्त ठेवून बसत. आम्हीही त्या गार बाकावर डोळे मिटून बसलो. विसाव्या श्वासाच्या आतच मन पेडर रोडवर जाऊन पोहोचले होते! आमच्या कन्येने खांदा हलवून विचारले, "बाबा, झोपलात काय?"

खरी परीक्षा लेण्यांपाशी नव्हे, तर परत दाराशी असते. एक खेप म्हणजे जाऊन-येऊन बारा किलोमीटर. बाईंचा नियम असा, की दारापर्यंत यावयाचे, त्यास हात लावावयाचा आणि तसेच मागे फिरून पुन्हा कान्हेरी गाठावयाची. दाराबाहेर चहा असतो, रिक्षा असते, स्टेशन असते. तीन रविवार लागोपाठ आम्ही हात लावला आणि सरळ बाहेर पडलो. पहिल्या रविवारी पोटरी दुखत होती, दुसऱ्या रविवारी पाहुणे यावयाचे होते. तिसऱ्या रविवारी सबबच सुचली नाही, तरीही बाहेर पडलो. त्याची लाज मात्र आठवडाभर वाटली. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. छातीत कळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरळणे, ही मनाची सोंगे नव्हेत. तेथे थांबावे आणि वैद्य गाठावा. बाईदेखील एकदा अशाच थांबल्या होत्या आणि ते सांगताना त्यांस संकोच वाटला नाही.

त्या आठवड्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले यांची हकीकत वाचनात आली. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिकात हिंदुस्थानातर्फे ते मॅरेथॉन धावले. तेथील अंतर नेहमीपेक्षा अधिक, पाव किलोमीटर कमी ४३ किलोमीटरांचे होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे करून १९ वा क्रमांक मिळविला. बरोबर गेलेले सदाशिव दातार यांस मात्र शर्यत पुरी करता आली नाही. १९ व्या क्रमांकापेक्षा आमचे मन दातारांपाशीच अधिक घोटाळले. इतक्या दूरवर जाऊन ते थांबले, त्या क्षणी त्यांच्या मनात काय आले असेल? आम्हांस निदान घरी जावयास लोकलगाडी होती.

चौथ्या रविवारी दाराला हात लावला आणि वळलो. बाई पुढे निघूनही गेल्या होत्या. वळताच मनाने हिशेब मांडला : आणखी बारा. तो मांडू दिला, आणि पुढच्या वळणावरच्या वडापर्यंत जाऊ असे ठरविले. वडापासून पुलापर्यंत. लोकलगाडीतून उभ्याने येताना आपण कांदिवली, मालाड, गोरेगाव अशी एकेक स्टेशने उरकतो, तशी ही झाडे उरकीत गेलो. चढावर 'पाय संपले' हे जुने वाक्य पुन्हा आले, अगदी त्याच शब्दांत. त्याला मनातल्या मनात 'चार मजले' एवढेच म्हटले. लेण्यांच्या पायऱ्यांशी पोहोचलो तेव्हा ऊन चटकत होते.

उतरताना मात्र पाय खरोखरच दुखले आणि शेवटचे दोन किलोमीटर निम्मे चाललो. दाराशी एक आदिवासी बाई टोपलीत काकड्या घेऊन बसली होती. बाई तेथेच तिखटमीठ लावलेली काकडी खात उभ्या होत्या. आम्हांस पाहून त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. दुसरी काकडी चिरावयास सांगितली.