आधी गोळी, मग रायफल

शिसे घरी वितळवून, साच्यात गोळी ओतून, ती वापरून लिव्हर रायफलीने हरणाची शिकार करायची असे अमेरिकेत कोणी ठरवले, की सल्ल्यांना तोटा नसतो. विंचेस्टर घे, मार्लिन घे. थर्टी-थर्टी पुरे आहे, छे, .४५-७० शिवाय अर्थ नाही. हे सगळे सल्ले एकाच क्रमाने येतात. आधी रायफल, मग कॅलिबर, आणि गोळी सगळ्यांत शेवटी, रायफलीबरोबर येणाऱ्या पट्ट्यासारखी. कारखान्यातली तांब्याच्या वेष्टणाची गोळी वापरणाऱ्याला हा क्रम चालून जातो, कारण नळी आणि गोळी एकमेकींना सोसतील याची काळजी कारखान्याने आधीच घेतलेली असते. ओतीव गोळीच्या बाबतीत ती काळजी आपल्याकडे येते, आणि म्हणून क्रम उलटा लावावा लागतो. हरणापर्यंत पोचून काम करू शकेल अशी गोळी आधी ठरवायची, तिला मानवेल ते कॅलिबर मग, आणि ते ज्या नळीत नीट बसते ती रायफल शेवटी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या विषयाचे दार बंद केले आहे, ते योग्यच. इथे जे म्हणायचे आहे ते पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन, मेन यांसारख्या राज्यांतल्या दाट जंगलांपुरते आहे. तिथे परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार होते आणि बार बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच टाकावा लागतो.

पहिला आक्षेप वेगाचा. तांबे-वेष्टित गोळी सेकंदाला अडीच-तीन हजार फुटांनी जाते. साध्या मिश्रधातूची ओतीव गोळी, बुडाला तांब्याची वाटी म्हणजे गॅस चेक लावूनही, अठराशे ते दोन हजारांच्या आसपास अचूकता गमावू लागते. मग उणिवेचीच निवड का करायची? याचे उत्तर लिव्हर रायफलीच्या इतिहासातच आहे. जॉन ब्राउनिंगने रचलेली विंचेस्टरची १८९४ ची रायफल बाजारात आली ती .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी. दोन्ही काडतुसे शिशाच्या गोळीवरच वाढलेली. पुढच्याच वर्षी निकेलच्या पोलादाची नळी आणि धूर न करणारी दारू घेऊन थर्टी-थर्टी आली, तेव्हा तिची १६० ग्रेनची गोळी सेकंदाला जेमतेम दोन हजार फूट जात असे. त्या वेगावर तिने अमेरिकेतले सर्वांत लोकप्रिय हरीण-काडतूस हा लौकिक मिळवला. आज गॅस चेक लावलेली ओतीव गोळी तिथवर सहज पोचते. म्हणजे आपण ज्याला उणीव म्हणतो आहोत तो या रायफलीचा जन्मवेग आहे. राहिला उडण्याच्या वाटेचा प्रश्न. एकोणीसशे फुटांनी निघालेली २०० ग्रेनची बोथट गोळी शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी माशी जुळवली, तर दीडशे यार्डांवर ती नेमापासून इंच-दोन इंचच खाली जाते. हरणाच्या मर्मस्थळाची जागा साधारण आठ इंच रुंद असते. दीडशे यार्डांपलीकडे नेम धरायचाच असेल त्याने बोल्ट रायफल घ्यावी. त्याच्याशी माझा वाद नाही.

वेग मर्यादित आहे हे एकदा मान्य केले की गोळीच्या रुंदीचे महत्त्व वाढते. वेष्टित गोळी शरीरात शिरल्यावर उमलते आणि आपला व्यास जवळजवळ दुप्पट करते. ओतीव गोळी तेवढी उमलेल याचा भरवसा धरता येत नाही. शुद्ध शिसे कडकपणाच्या ब्रिनेल मापात पाचच्या आसपास मऊ असते. ते उमलते खरे, पण वेग वाढला की नळीत शिशाचे थर सोडू लागते. लिनोटाइप, म्हणजे छापखान्यातला जुना ओतीव धातू, बावीसच्या घरात जातो. त्यात अँटिमनी १२ टक्के असल्यामुळे तो हाडावर आदळला की फुटू शकतो. लायमन कंपनीचे प्रसिद्ध मिश्रण ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असे आहे, कडकपणा पंधराच्या आसपास. शिकारीसाठी माझ्या मते तेही जरा जास्तच कडक. गाड्यांच्या चाकांवरच्या जुन्या शिशाच्या वजनांत तेवढेच मऊ शिसे घालून, साचा नीट भरावा म्हणून थोडे कथील टाकले, की दहा-बाराच्या आसपासचा धातू मिळतो, आणि अठराशे फुटांच्या आत तो नळीतही वागतो, मांसातही. पण हे सगळे ‘कदाचित उमलेल’ या जातीचे आहे. न उमललेल्या गोळीनेही पुरेसे काम करावे, असा हिशोब धरून निघालेले बरे. आणि तो हिशोब रुंदीचा आहे. .३०८ इंचाच्या गोळीपेक्षा .३५८ ची गोळी छेदाच्या क्षेत्रफळात ३५ टक्क्यांनी मोठी असते; .४५८ ची तर दुपटीहून जास्त. गोळीच्या टोकाचा सपाट भागही यात धरावा लागतो, कारण न उमलणारी गोळी ऊतींना धक्का देते ती त्या सपाटीनेच.

सुदैवाने लिव्हर रायफलीला तशीच गोळी लागते. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक ओळीने बसतात आणि मागच्याच्या गोळीचे टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकते. तिथे टोकदार गोळी म्हणजे धोका. सपाट टोक अनिवार्य. दुसरी अट खाचेची. नळकांड्याची स्प्रिंग आणि बाराचा हिसका यांमुळे गोळी पितळेच्या पुंगळीत आत सरकू शकते. म्हणून पुंगळीची कड जिथे आवळता येईल अशी खाच गोळीवर योग्य जागी हवी, म्हणजे भरलेले काडतूस रायफलीच्या यंत्रातून अडखळल्याशिवाय फिरेल. साचे पाहायला बसले की लक्षात येते, एखाद्या कॅलिबरसाठी डझनावारी साचे असले तरी यातल्या सगळ्या अटी पाळणारे दोन-चारच निघतात. थर्टी-थर्टीसाठी लायमनचा जुना ३११०४१ क्रमांकाचा, १७० ग्रेनच्या आसपासचा साचा हे त्याचे उत्तम उदाहरण. तो लिव्हर रायफल डोळ्यांसमोर ठेवूनच काढलेला आहे. ज्या कॅलिबरला असा साचा नाही, ते कितीही मोहक असले तरी या कामासाठी बाद.

आता नळीशी जुळणीकडे येतो, कारण बहुतेकांच्या निराशेचे मूळ तिथे असते. वेष्टित गोळी नळीच्या आट्यांपेक्षा किंचित लहान असली तरी दाबाखाली चालून जाते. ओतीव गोळी बाटलीच्या बुचासारखी घट्ट बसली पाहिजे. ती सैल असली तर तापलेला वायू तिच्या कडेने निसटतो, शिसे वितळवत जातो आणि ते नळीत चिकटते. मग अचूकता जाते, आणि दोष गोळीच्या कडकपणाला दिला जातो. आणखी कडक धातू ओतला जातो आणि गोष्ट आणखी बिघडते, कारण कडक गोळी दाबाने फुगून सैलपणा भरून काढत नाही. खरा उपाय धातूत नसून मापात आहे. मऊ शिशाची लगडी तेल लावलेल्या नळीतून हळूच ठोकून बाहेर काढावी, मायक्रोमीटरने मोजावी, आणि गोळी त्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाड ठेवावी. मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळ्यांवर ओतीव गोळी चालत नाही, हा पन्नासच्या दशकापासून चालत आलेला समज याच गोंधळातून आला. त्या नळ्यांत बारा किंवा सोळा उथळ आटे असतात, आणि त्यांतल्या अनेकींचा आट्यांचा व्यास छापील मापापेक्षा थोडा मोठा निघतो. छापील मापाची गोळी घातली की ती सैल पडते. .४४ मॅग्नमच्या मायक्रो-ग्रूव्ह मार्लिनमध्ये .४२९ ऐवजी .४३२ ची गोळी घातली की तीच बदनाम नळी नीट वागू लागते. समज मात्र इतका मुरला, की कंपनीने पुढे काही रायफलींना खोल आट्यांच्या नळ्या लावल्या तेव्हा जाहिरातीत ते ठळकपणे सांगावे लागले.

या कसोट्यांवर कॅलिबरे चाळली तर वाद बराच मिटतो. .४५-७० हे १८७३ चे लष्करी काडतूस मुळातच ४०५ ग्रेनच्या शिशाच्या गोळीसाठी जन्मले. ओतीव गोळीला याहून मानवणारे कॅलिबर शोधून सापडणार नाही. पण पाऊणशे किलोच्या हरणासाठी एवढे शिसे आणि एवढा हिसका कशासाठी? अलास्कातला मूस किंवा अस्वल असेल तर गोष्ट वेगळी. .४४ मॅग्नम छोट्या, हलक्या रायफलीत मिळते आणि साच्यांची तिथे चंगळ आहे. बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथने रूढ केलेल्या गोळ्या त्यातल्याच. पण जुन्या मार्लिनच्या नळीत आट्यांचा पीळ ३८ इंचांत एक इतका संथ, की ३०० ग्रेनची लांब गोळी कमी वेगात डुलू शकते. अडीचशे ग्रेनपाशी थांबावे. .३८-५५ माझ्या मनात सर्वांत देखणे, आणि सर्वांत त्रासदायक. जुन्या नळ्या .३७९ आणि त्याहून मोठ्या, नव्या गोळ्या .३७५ किंवा .३७७ च्या, मोजमापाची ज्याला हौस आहे त्यानेच त्याच्या वाटेला जावे. .३२ स्पेशलचा १६ इंचांत एक असा सावकाश पीळ ओतीव गोळीला चांगला, पण .३२१ इंचाच्या गोळ्या आणि साचे हल्ली शोधत बसावे लागते.

उरतात थर्टी-थर्टी आणि .३५ रेमिंग्टन. थर्टी-थर्टीची बाजू भक्कम आहे. रायफली विपुल, पुंगळ्या स्वस्त, साचे मुबलक. तरीही माझे मत .३५ ला. १९०६ चे हे काडतूस रेमिंग्टनच्या स्वयंभरणी रायफलीसाठी निघाले, पण ते खरे रुजले मार्लिनच्या ३३६ मध्ये. २०० ग्रेनची सपाट टोकाची गोळी ते अठराशे ते दोन हजार फुटांपर्यंत नेते, आणि तेही कमी दाबात. त्याची कमाल मर्यादा साडेतेहतीस हजार पीएसआय, थर्टी-थर्टीची बेचाळीस हजार. कमी दाब म्हणजे मऊ धातूला वाव, आणि मऊ धातू म्हणजे उमलण्याची शक्यता अधिक. पीळ सोळा इंचांत एक. शिवाय .३५८ हे माप .३५७ मॅग्नम पिस्तुलाशी मिळतेजुळते असल्याने त्याच्या साच्यातल्या हलक्या गोळ्या सरावाला वापरता येतात. याचा फायदा मोठा आहे, कारण लिव्हर रायफलीने नेम साधायचा तर वर्षभर बार टाकत राहावे लागते.

यावर थर्टी-थर्टीवाल्यांचा आक्षेप चुकीचा नाही: .३५ च्या पुंगळ्या नेहमी मिळत नाहीत, आणि काडतूस मरणपंथाला लागले आहे असे गेली कित्येक वर्षे बोलले जाते. पण ओतीव गोळीवाला वर्षाला काडतुसांच्या पेट्या रिचवत नाही. कमी दाबाने वापरलेली एकच पुंगळी अनेकदा भरता येते, आणि पुंगळ्या मिळतील तेव्हा शंभर-दोनशे घेऊन ठेवल्या की प्रश्न बराच काळ लांबतो. दुसरा आक्षेप मात्र खरा अडचणीचा आहे. ओहायोसारख्या राज्यांत हरणासाठी सरळ भिंतीच्या पुंगळीचेच काडतूस चालते. .३५ रेमिंग्टनच्या पुंगळीला खांदा आहे, थर्टी-थर्टीच्याही; दोन्ही तिथे बाद. तिथल्या माणसाने .४४ कडे किंवा .४५-७० कडे जावे, किंवा रेमिंग्टनने २०२३ मध्ये आणलेल्या .३६० बकहॅमरकडे. हे काडतूस थर्टी-थर्टीची पुंगळी सरळ करून तिच्यावर .३५८ ची गोळी बसवलेले आहे. इतकी वर्षे .३५ ला म्हातारे ठरवणाऱ्या बाजाराने फिरून त्याच मापावर यावे, यात मला थोडी गंमत वाटते.

रायफलीबद्दल मग फारसे बोलायचे उरत नाही. विंचेस्टर ९४ सडपातळ आणि हातात हलकी. पण १९८२ च्या आसपास कोनातून पुंगळी फेकणारी आवृत्ती येईपर्यंत तिची रिकामी पुंगळी थेट वर उडत असे, त्यामुळे तिच्यावर दुर्बीण बसवणे अडचणीचे. मार्लिन ३३६ पुंगळी बाजूने फेकते आणि तिचा बोल्ट गोल, भक्कम. शंभर यार्डांच्या कामाला यंत्राच्या पाठीवर बसवलेले छिद्राचे पीप साइट पुरेसे. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना ते उघड्या खाचेपेक्षा खूपच सोपे जाते.

शेवटचा आक्षेप शिशाचाच आहे. शिसे विषारी आहे. शिसे हवेशीर जागी वितळवावे, हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये, ओला धातू रसात टाकू नये; हे ओतकामाचे साधे नियम झाले. पण शिसे हरणाच्या टाकून दिलेल्या आतड्यांत राहते आणि ते खाऊन गरुड, गिधाडे मरतात, हा प्रश्न शिकाऱ्याच्या घरापुरता नाही. अतिवेगवान वेष्टित गोळी शरीरात बारीक तुकडे उधळते. मध्यम वेगाची मिश्रधातूची गोळी बहुधा अखंड आरपार जाते आणि तुकडे कमी सोडते. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकतही नाही. कॅलिफोर्नियाने काँडर गिधाडे वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली आहे. तिथे राहणाऱ्याने वर लिहिलेले सगळे वाचून साचा मागवू नये. त्याने तांब्याची गोळी घ्यावी, आणि मग थर्टी-थर्टी आणि .३५ यांच्यातला त्याचा निवाडा माझ्यापेक्षा वेगळा लागला तरी तो बरोबर असेल.