न खपलेल्या तबकड्यांचा कैवार

जुन्या सोल आणि फंकमधली गाजलेली गाणी आज कुणालाही सहज ऐकायला मिळतात. मग संग्राहक कुणी नाव न ऐकलेल्या गायकाची, चरे पडलेली सात इंची तबकडी का शोधत बसतो? माझ्या मते या संगीतात खप हा गुणवत्तेचा निकाल कधीच नव्हता. म्हणून जे खपलं तेवढंच जपलं, तर हाती उरतो तो फक्त तेव्हाच्या वितरणाचा इतिहास. आरसीए कंपनीनं 1949 साली मिनिटाला 45 फेरे घेणारी छोटी तबकडी बाजारात आणली. दोन बाजू, दर बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ती थोडक्या पैशांत आणि थोड्या प्रतींत काढता येई, त्यामुळे साठच्या दशकात डेट्रॉइट आणि मेम्फिसपलीकडच्या अमेरिकी शहरांतही कृष्णवर्णीयांची लहान लहान लेबलं निघाली. स्थानिक रेडिओनं तबकडी वाजवली तर दुकानात मागणी येई, नाही तर सगळ्या प्रती खोक्यात पडून राहत. मोटाउनजवळ उत्तम वादक होते, तशी विक्रीची भक्कम यंत्रणाही होती. कोलंबस किंवा ह्यूस्टनमधल्या लेबलांकडे बहुधा वादकच तेवढे असत.

याचा सर्वांत ठोस पुरावा इंग्लंडच्या उत्तर भागात सापडतो. विगन कसिनो या नृत्यगृहात 1973 ते 1981 या काळात कामगार वस्त्यांतली तरुण मुलं रात्रभर नाचली, ती प्रामुख्यानं अमेरिकेत आपटलेल्या सोल तबकड्यांवर. ना जाहिरात, ना गायकाचं नाव. कानांनी आणि पायांनी दिलेला हा कौल होता. खुद्द मोटाउनच्या घरातही असं घडलं. फ्रँक विल्सनच्या 1965 सालच्या ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ या तबकडीच्या जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींमुळे ते गाणं पुढे याच नाचणाऱ्यांचं लाडकं झालं. तबकडीच्या मागच्या बाजूची गोष्टही वेगळी नाही. द विन्स्टन्सनी 1969 साली ‘कलर हिम फादर’ काढलं, ते गाजलं. पाठीमागे ‘अमेन, ब्रदर’ नावाचा वाद्यमेळ भरतीला टाकला होता. त्यात ग्रेगरी कोलमन काही सेकंद एकटाच ड्रम वाजवतो. तो तुकडा पुढे हिप-हॉप आणि जंगल संगीतातल्या हजारो ध्वनिमुद्रणांचा पाया बनला. जेम्स ब्राउनचं ‘फंकी ड्रमर’ 1970 साली दोन तुकडे करून तबकडीच्या दोन बाजूंवर आलं आणि 1986 पर्यंत कुठल्याही अल्बमवर नव्हतं. म्हणजे क्लाइड स्टबलफिल्डचा तो ठेका सोळा वर्षं जगला तो छोट्या तबकडीच्या आधारानं.

आता तर सगळं डिजिटल मिळतं, हा आक्षेप हमखास येतो. पण ते डिजिटल येतं कुठून? लहान लेबलांच्या मूळ टेप अनेकदा हरवल्या, भिजल्या, पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मोठ्या कंपनीकडे त्या सुरक्षित राहतात असंही नाही. 2008 साली युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या गोदामाला आग लागली, त्यात मूळ ध्वनिमुद्रणं जळाली. टेप नसली की कुणीतरी जपलेली चांगली प्रतच पुनर्मुद्रणाचा आधार ठरते. म्हणून प्रतीची अवस्था हा संग्राहकाचा नखरा नसतो. त्या काळातल्या बऱ्याच अमेरिकी तबकड्या व्हिनाइलच्या नव्हत्या, पॉलिस्टायरिनच्या होत्या. जाड, बोथट सुईनं त्यांच्या खाचा लवकर झिजतात आणि गायकाचा आवाज वर चढला की खरखर ऐकू येते. शेवटच्या खाचेपुढच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे वाचले, तर ही मूळ प्रत की नंतरची, आणि बऱ्याचदा कुठल्या कारखान्यातली, हे कळतं. असं वाचन कुठलंच ॲप करून देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो बराचसा खरा आहे. विल्सनच्या त्या तबकडीची एक प्रत 2009 साली 25,000 पौंडांहून अधिक किमतीला गेली. अशा जुन्या प्रतीच्या विक्रीतून कलावंताला काही मिळत नाही. कोलमन 2006 साली हलाखीत वारला, त्याला त्या ठेक्याचा मोबदला मिळाला नाही. उत्तर इंग्लंडमधले डीजे तर प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून तबकडीचं लेबल झाकून खोटी नावं सांगत. आधीच विस्मृतीत गेलेल्या गायकाचं नाव पुन्हा लपवणं हा मला अन्यायच वाटतो, त्या खेळात कितीही रंगत असली तरी. पण हा दोष दडवून ठेवण्याचा आहे, जपण्याचा नाही. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं 2004 साली कोलंबसच्या कॅपसोल लेबलची गाणी रीतसर हक्क घेऊन पुन्हा काढली. ह्यूस्टनच्या काश्मीर हायस्कूलचा वाद्यवृंद कॉनराड जॉन्सन या शिक्षकानं घडवला होता. शाळेतल्या मुलांचं ते दणदणीत फंक 2006 साली पुन्हा बाजारात आलं. 2008 मध्ये जॉन्सन वारले, पण त्याआधी पन्नाशीकडे झुकलेल्या त्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन त्यांच्यासमोर ते पुन्हा वाजवलं. दुर्मीळ प्रत ज्याच्याकडे आहे त्यानं तिच्यावरची नावं नोंदवावीत, ती उतरवून घ्यायला द्यावी, आणि वादक हयात असेल तर त्याला शोधावं. हे काम लांबवता येणारं नाही, कारण साठच्या दशकात विशीत असलेले वादक आज ऐंशीच्या घरात आहेत.