रुसवा आणि कलम ५७

पुस्तक प्रदर्शनात ओळखीचं पुस्तक दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरला माझा तसाच गेला. मी केलेल्या एका बंगाली कादंबरीच्या अनुवादाची नवी आवृत्ती होती ती. मुखपृष्ठ नवं, कागद पहिल्यापेक्षा चांगला. पण मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं. आतल्या पानावर पाहिलं, तिथे नव्हतं. मुद्रकाचा पत्ता असतो त्या पानावरही नाही. ‘सुधारित मराठी आवृत्ती’ एवढेच शब्द होते.

तिथेच उभ्या उभ्या पानं चाळली आणि एका वाक्याशी अडखळले. ‘आईच्या अभिमानाने मुलगा दोन दिवस अन्नाला शिवला नाही.’ हे वाक्य माझं नव्हतं. मी लिहिलं होतं, ‘आईवरच्या रुसव्याने’.

माझं बालपण अजनीच्या रेल्वे कॉलनीत गेलं. भिंतीला भिंत लागून एक बंगाली कुटुंब राहायचं. तिथल्या काकीमांनी मला बंगाली शिकवलं, तेही पाटी-पेन्सिलीने नाही, तर स्वयंपाकघरात बसवून. ‘ओभिमान’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या मुलीबद्दल. ती दुपारपासून दार लावून बसली होती आणि काकीमा म्हणत होत्या, तिला माझा ओभिमान झालाय. मला वाटलं, आईचा अभिमान वाटला तर दार कशाला लावायचं? लिहायला तोच शब्द, पण बंगालीत त्याचा अर्थ निराळा. ज्याच्यावर जीव आहे त्यानेच दुखवलं की मनात जे दाटून येतं, ते ओभिमान. त्या कादंबरीत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. प्रत्येक ठिकाणी थांबून कुठे ‘रुसवा’, कुठे ‘मनाला लागलं’, कुठे नुसतं ‘ती बोलेना’ असं मी केलं होतं. त्या एका शब्दापायी एक वही भरली होती. नव्या आवृत्तीत कुणीतरी मूळ पुस्तक शेजारी ठेवून सगळीकडे ‘अभिमान’ करून टाकला होता. शिवाय तीन प्रकरणं गाळली होती.

प्रकाशकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, अनुवादाला कसला आलाय हक्क? कादंबरी तुमची आहे का? आणि मानधन तर तुम्ही तेव्हाच घेतलंय.” मला उत्तर सुचेना. २००९ साली पंधरा हजार रुपये एकरकमी घेतले होते, हे खरंच होतं. व्हाउचरवर रेव्हेन्यू तिकीट लावून सहीही केली होती.

मावसभाऊ वकील आहे. त्याच्याकडे व्हाउचरची प्रत घेऊन गेले. ‘अनुवादाचे मानधन सर्व हक्कांसह मिळाले’ अशी ओळ होती तिच्यावर. ती वाचून तो म्हणाला, “ताई, किती वर्षांसाठी, ते कुठे लिहिलंय?” कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून कलम १९ दाखवलं. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात, आणि त्या कागदात मुदत दिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे त्या ‘सर्व हक्कां’चं आयुष्य २०१४ सालीच संपलं होतं. नऊ वर्षं मी समजत होते की सगळं विकून मोकळी झाले.

पण आधी मुळात माझ्याकडे हक्क होता तरी कसा? कादंबरी माझी नव्हतीच. भावाने समजावलं ते असं : कायदा गोष्टीच्या कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्यांना देतो. मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय भाषांतर छापता येत नाही, तो त्याचा हक्क. पण परवानगीने केलेल्या भाषांतरातले शब्द भाषांतरकाराचे, आणि त्यांच्यावर त्याचा वेगळा कॉपीराइट. काम कुणी सांगून करून घेतलं एवढ्यावरून तो सांगणाऱ्याचा होत नाही. नोकरीचा भाग म्हणून केलं असतं तर गोष्ट वेगळी. हक्कासाठी नोंदणीही लागत नाही, लिहिलं त्या क्षणी तो जन्माला येतो.

मला हे पटलं ते शरच्चंद्रांमुळे. शरच्चंद्र १९३८ मध्ये गेले. तेव्हा मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांची होती, त्यामुळे १९८९ पासून त्यांच्या कादंबऱ्या कुणालाही छापता, अनुवादता येतात. पण मामा वरेरकरांनी केलेले त्यांचे मराठी अनुवाद? मामा १९६४ मध्ये गेले. दरम्यान मुदत साठ वर्षांची झाली होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा सरकारने ती वाढवली होती. म्हणून वरेरकरांचे अनुवाद मोकळे झाले १ जानेवारी २०२५ ला. मूळ कादंबऱ्या मोकळ्या झाल्यावरही छत्तीस वर्षं मामांचं मराठी मामांच्या वारसांचं होतं. लहानपणी मी ती पुस्तकं वाचली तेव्हा त्यांच्यावर दोन लेखकांची मालकी आहे हे मनातही आलं नव्हतं.

नाव गाळण्याचं आणि शब्द बदलण्याचं उत्तर कलम ५७ मध्ये निघालं. हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो, आणि आपल्या नावलौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचाही. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’वरच्या चित्रपटाविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला होता, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये या अधिकाराचं महत्त्व ठळकपणे मांडलं होतं.

नोटीस जाण्याआधी आणखी एक गोष्ट उघड झाली. मूळ लेखक २०१४ मध्ये वारले होते. त्यांनी मराठीसाठी एकाच आवृत्तीची परवानगी दिली होती. कोलकात्यात त्यांच्या मुलीशी बोलले तेव्हा कळलं, नव्या आवृत्तीबद्दल त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कादंबरीवरचा हक्क २०७४ अखेरपर्यंत त्यांच्या घरचा होता. मग नोटीस दोघींच्या नावाने गेली.

कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. माझी वही, टंकलेखनाच्या फाइली आणि व्हाउचर पाहिल्यावर प्रकाशकांचा सूर बदलला. उरलेल्या प्रती त्यांनी परत मागवल्या. पुढची आवृत्ती माझ्या मूळ मजकुरासह, मुखपृष्ठावर नाव घालून आणि दोघींना रॉयल्टी देऊन काढायची असं ठरलं. यावेळी मुदत, प्रतींची संख्या, टक्केवारी, सगळं कागदावर आलं. करारातली प्रत्येक ओळ मी दोनदा वाचली.

सह्या होण्याआधी त्या मुलीचा पुन्हा फोन आला. त्यांना मराठी येत नाही. बाबांच्या ‘ओभिमान’चं तुम्ही काय केलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी ‘रुसवा’ म्हटलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा स्वतःशी म्हणून पाहिला आणि अर्थ विचारला. मी त्यांना अजनीतल्या त्या बंद दाराची गोष्ट सांगितली.