‘जिद्दी’ला इंग्रजीत काय म्हणतात?



वार्षिक परीक्षा आटोपली की आमच्या टेबलावर प्रगतिपत्रकांचे गठ्ठे येऊन पडतात. गुणांची बेरीज तपासणे सोपे असते. अवघड असते ती शेवटची ओळ, ‘शिक्षकांचा शेरा’. हा शेरा इंग्रजीत असावा आणि तोही भारदस्त इंग्रजीत असावा, अशी बऱ्याच पालकांची इच्छा असते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटले की काय सांगावे, असा प्रश्न पडतो. म्हणून या अंकात माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांविषयी थोडे लिहावे असे ठरविले.

आम्ही इंग्रजीचे पंडित नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजातही हिंदीच. बी.ए. आम्ही हिंदी माध्यमातून केले. इंग्रजी खऱ्या अर्थाने शिकलो ते शाळेत नोकरी लागल्यावर. इंदूरच्या खजूरी बाजारातून नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक जुने विकत घेतले होते. १९४९ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक आपल्याकडे स्पर्धा-परीक्षा देणाऱ्या कितीतरी मुलांच्या हातात आजही दिसते. त्याची सुरुवातच स्वभावाच्या शब्दांनी होते. अंतर्मुख तो ‘इंट्रोव्हर्ट’, बहिर्मुख तो ‘एक्स्ट्रोव्हर्ट’, दुसऱ्याचे भले पाहणारा ‘अल्ट्रुइस्ट’. रोज थोडे थोडे शब्द पाठ करण्याचा आम्ही नेमच धरला होता.

त्या शब्दांचे मूळ पाहू लागलो तेव्हा फार मौज वाटली. शीघ्रकोपी माणसाला इंग्रजीत ‘कॉलरिक’ म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतल्या पित्तावरून आला. आपणही म्हणतोच ना, ‘त्याचे पित्त खवळले’! थंड, संथ स्वभावाचा तो ‘फ्लेग्मॅटिक’, म्हणजे मुळात कफ-प्रकृतीचा. ‘मॅग्नॅनिमस’ या शब्दात लॅटिनमधले दोन शब्द आहेत, ‘मोठा’ आणि ‘मन’. आपण ‘मनाचा मोठा’ म्हणतो, तेच ते. ‘ग्रिगेरिअस’ म्हणजे चार माणसांत रमणारा. त्याच्या मुळाशी कळप आहे. परक्या भाषेत आपल्याच ओळखीचे कोणी भेटावे तसा आनंद होई. चार शब्द आले की ते वापरून पाहण्याची घाईही होते. आमचेही तसेच झाले.

१९९७ सालची गोष्ट. आम्ही सहावीचे वर्गशिक्षक होतो आणि सामाजिक अध्ययन शिकवीत असू. वर्गात एक मुलगी होती. अक्षांश-रेखांश तिच्या काही केल्या डोक्यात शिरेनात. ती उभी राही आणि म्हणे, “सर, पुन्हा एकदा सांगा.” वर्ग हसे. ती बसत नसे. चौथ्यांदा सांगितल्यावर तिला समजले आणि दुसऱ्या दिवशी तिने फळ्यापाशी येऊन साऱ्या वर्गाला ते समजावून दिले. आम्हांला तिचे मोठे कौतुक वाटले. मनात शब्द आला, ‘जिद्दी’.

सहामाहीच्या निकालावर तेच इंग्रजीत लिहायचे होते. आम्ही हिंदी-इंग्रजी कोश उघडला. ‘ज़िद्दी’पुढे छापले होते ‘ऑब्स्टिनेट’. शब्द वजनदार वाटला. कौतुक कमी पडू नये म्हणून त्याच्या आधी आम्ही ‘व्हेरी’ही जोडले आणि सही केली.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती मुलगी वर्गात शांत झाली. हात वर करीनाशी झाली. आम्हांला वाटले, पोर समजूतदार झाली. वार्षिक निकालावर आम्ही समाधानाने ‘क्वाएट’ आणि ‘ओबीडियंट’ असे दोन शब्द लिहिले.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. निकाल घेतला, पण जाईना. शेवटी म्हणाली, “सर, एक विचारू का? घरी तर ती कधी ज़िद करत नाही. पण तुम्ही फार हट्टी आहे असं लिहिलंत, म्हणून मी तिला खूप बोलले हो. आता ती कोणाला काही विचारतच नाही.”

आम्हांला आधी काही उमगेना. मग सहामाहीचा शेरा आठवला आणि हातपाय गार पडले.

मूळ शब्द एकच, अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. पण हिंदीत ‘ज़िद’ म्हणजे हट्ट, आणि मराठीत ‘जिद्द’ म्हणजे हार न मानण्याचा निर्धार. हिंदी आईने मुलाला ‘ज़िद्दी’ म्हटले तर ती रागावलेली असते. मराठी आईने ‘जिद्दी’ म्हटले तर तिचा ऊर भरून आलेला असतो. दोन्ही भाषा आमच्याच होत्या. विचार आम्ही मराठीत केला, कोश हिंदीचा उघडला आणि शिक्षा झाली ती एका अकरा वर्षांच्या मुलीला. तिच्यासाठी खरा शब्द होता ‘टेनेशस’. तो लॅटिनमधल्या ‘धरून ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. आपल्या ‘चिकाटी’चा तो सख्खा भाऊ म्हणावा.

आम्ही त्या माउलीची क्षमा मागितली, मुलीचीही मागितली. मुख्याध्यापकांच्या परवानगीने दोन्ही शेरे खोडून नवे लिहिले. पुढच्या वर्षी ती पुन्हा प्रश्न विचारू लागली. पण हात वर करण्याआधी आमच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून घ्यायची. दहावीपर्यंत तिची ती सवय गेली नाही. कागदावरचा शब्द खोडता येतो, हे खरे. तेवढेच खरे.

त्या प्रसंगानंतर आम्ही शब्दांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेब्स्टरच्या मोठ्या कोशातून माणसाचे वर्णन करणारे शब्द वेचून काढले. ते भरले १७,९५३! त्यांनी त्यांचे चार गट पाडले. माणसाचा टिकाऊ स्वभाव सांगणारे शब्द ४,५०४ निघाले. सर्वांत मोठा गट होता ५,२२६ शब्दांचा, आणि त्यातले शब्द होते चांगला-वाईट ठरविणारे, म्हणजे बोलणाऱ्याचे मत सांगणारे. आपण दुसऱ्याचे वर्णन करीत आहोत असे आपल्याला वाटते, पण अनेकदा आपण आपली पसंती-नापसंतीच सांगत असतो.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी बी.बी.सी. रेडिओवरच्या एका कार्यक्रमात यावर छान विनोद केला होता. त्याचा आशय असा की, स्वतःविषयी बोलताना माणूस ‘ठाम’ असतो, समोरच्याला तो ‘हट्टी’ म्हणतो आणि जो तिथे हजर नाही त्याला ‘मूर्ख आडमुठा’ ठरवतो. गुण एकच, शब्द तीन. पैसा जपून वापरणाऱ्या माणसाला ‘फ्रुगल’ म्हटले तर तो काटकसरी, ‘पार्सिमोनिअस’ म्हटले तर कंजूष.

वर्गात न बोलणाऱ्या मुलाचेच घ्या. आपण सरसकट ‘शाय’ लिहून मोकळे होतो. परंतु मुळात कमी बोलणारा तो ‘टॅसिटर्न’. मनातले उघड न करणारा तो ‘रेटिसंट’. स्वतःवर भरवसा नसल्यामुळे गप्प राहणारा तो ‘डिफिडंट’. यांतल्या शेवटच्या मुलाला आपल्या धीराची गरज आहे. पहिल्याला कदाचित काहीच नको, त्याला त्याच्या गतीने राहू द्यावे. शब्द चुकला की उपाय चुकतो. आपल्या मराठीतही अबोल, लाजाळू, बुजरा, घुमा हे सारे वेगवेगळे आहेत. आणि ‘भिडस्त’ या शब्दाला तर आम्हांला आजवर एकही नेमका इंग्रजी शब्द सापडलेला नाही. जो असेल तो मुलगा भिडस्तच म्हणावा!

विद्यार्थी मित्रांनो, अवघड शब्द जरूर शिका. ‘इंजीनिअस’ म्हणजे कल्पक आणि ‘इंजेन्युअस’ म्हणजे निष्कपट, हा बारीक फरकही शिका. मात्र मुलाखतीत स्वतःला ‘डिलिजंट’ म्हणालात तर पुढचा प्रश्न येईल, “कशावरून?” ज्या शब्दामागे सांगण्यासारखा एक तरी प्रसंग असेल तोच शब्द स्वतःसाठी वापरा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात मुलाने स्वतःविषयी आणि सोबत्यांनी त्याच्याविषयी सांगायचे आहे. ते आम्हांला पटते, कारण मुलाविषयीचा शेवटचा शब्द एकट्या शिक्षकाचा नसावा. आम्ही शिक्षकांना एकच सांगत असतो. आधी मुलाने काय केले ते आपल्या भाषेत एका ओळीत लिहा. त्यासाठी इंग्रजी शब्द नंतर शोधा. आणि तो शब्द त्याच्या आईला वाचून दाखविता येईल का, हे स्वतःला विचारा.

पालकांनो, यंदाच्या प्रगतिपत्रकावरचा एखादा शब्द कळला नाही किंवा पटला नाही, तर मुलाला बोलू नका. सरळ आमच्याकडे या आणि विचारा. पुन्हा एकदा सांगा म्हणालात तरी आम्ही पुन्हा सांगू.

आपला,
प्राचार्य