अण्णांची सायकल आणि गोदाकाठची वाट

नाशिककर फिरायला निघाला की त्याची पावले बहुधा डोंगराकडे वळतात. त्र्यंबक, अंजनेरी, सप्तशृंगगड ही नावे आधी ओठावर येतात. पूर्वेकडे, निफाडच्या अंगाला गोदावरी सपाट रानातून संथ वाहते, तिकडे सहसा कोणी सहलीला म्हणून जात नाही. माझे माहेर त्याच रानातले. गेल्या जानेवारीत एका रविवारी सायखेड्यापर्यंत गाडीने आले आणि तिथून नांदूर-मध्यमेश्वरच्या दिशेला शेतरस्त्यांनी वीसेक किलोमीटर सायकलने गेले. त्या प्रवासाची, आणि त्याआधी माझ्या हातून झालेल्या एका चुकीची, ही हकीकत.

रस्ता असा की काही अंतर मुरूम, पुढे उखडलेली खडी आणि मध्येच काळ्या मातीची चाकोरी. अलीकडे अशा वाटांसाठी जाड टायरच्या ‘ग्रॅव्हल’ सायकली मिळतात. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडीचे हादरे मनगटापर्यंत कमी पोचतात, एवढेच त्यातले इंगित. पावसाळ्यात मात्र ही काळी माती चाकाला अशी लिंपते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये चांदोरी, सायखेडा भागात गोदावरीचे पाणी घरादारांत शिरले होते. हिवाळ्यात मात्र हीच नदी अगदी शांत असते. दुतर्फा द्राक्षबागा होत्या आणि घडांना कागद गुंडाळलेले होते. उन्हाळ कांद्याच्या लागणीला बाया ओळीने वाकल्या होत्या.

गोदावरी आणि कडवा यांच्या संगमाशी नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला. तिथून उजवा आणि डावा असे दोन कालवे निघून कोपरगाव-राहात्याकडे जातात. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी येऊ लागले. आज ते अभयारण्य आहे. २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. त्या सकाळी चक्रवाकांची एक जोडी आणि लांब लाल पायांचे शेकाटे बराच वेळ पाहिले. जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून निवांत हिंडत होत्या.

नाशिक हे सायकलवेड्यांचे शहर. इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्या पराक्रमाविषयी मला आदर आहे. परंतु आज सांगायचे आहे ते दोन किलोमीटरच्या सायकलस्वारीविषयी.

माझे वडील, अण्णा, निवृत्त शिक्षक. वय ७६. आयुष्यभर आडव्या दांडीच्या काळ्या सायकलवर त्यांनी याच वाटा तुडवल्या. ग्रॅव्हल हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास ते पडले. हाड मोडले नाही, कोपर तेवढे सोलवटले. धाकट्या भावाने फोन केला आणि मी नाशिकच्या दवाखान्यात बसून फर्मान सोडले, “सायकलला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याजवळ ठेव.” अण्णांना मी काही विचारले नाही. त्यांनीही वाद घातला नाही.

पुढच्या दसऱ्याला माहेरी गेले. पूजेसाठी सायकल धुऊन अंगणात उभी केली होती. तिला हार घालायला अण्णा खुर्चीतून उठू लागले, आणि उठता आले नाही. दुसऱ्या प्रयत्नात दोन्ही हात टेकून उठले. मांड्या सुकल्या होत्या. भावजय हळूच म्हणाली, “ताई, अण्णा आता पारावरही जात नाहीत.” रुग्णांना रोज ‘हालचाल ठेवा’ असे बजावणाऱ्या मी घरातल्या माणसाला अकरा महिने बसवून ठेवले होते.

त्या दिवशी मी तो प्रश्न विचारला, जो अकरा महिने आधी विचारायला हवा होता. “अण्णा, तुम्ही नेमके कसे पडलात?” ते म्हणाले, “सायकलवरून पडलोच नाही मी. उतरलो, उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.” मी रक्तदाब तपासला. आडवे असताना वरचा आकडा १४२, उभे राहिल्यावर मिनिटाभराने ११६. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानतात. रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या आणि पाणी कमी पिणे ही त्याची नेहमीची कारणे. अण्णांना पडण्याआधी काही आठवडे प्रोस्टेटची नवी गोळी सुरू झाली होती. त्यांच्या तज्ज्ञांशी बोलून औषधात बदल केला. अंधारी थांबली. दोष औषधाचा होता आणि शिक्षा सायकलला झाली होती.

मात्र गेलेले बळ गोळी बदलून परत येत नाही. तीन महिने अण्णांनी सकाळ-संध्याकाळ दहा वेळा खुर्चीतून उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे असा क्रम ठेवला. जोडीला कमी उंचीची, दांडी नसलेली सायकल आणली. पाय पलीकडे टाकताना तोल जाण्याची भीती तिच्यात कमी असते. गुडघ्यांसाठी सीट थोडी उंच असावी, पायडल खाली गेले की गुडघा किंचितच वाकलेला राहावा, हे खरे. परंतु वृद्धाला पाय जमिनीला टेकण्याचा भरवसा अधिक मोलाचा. आम्ही मधली उंची ठेवली आणि अंतर कमी केले.

त्या रविवारी मी पोचले तेव्हा अण्णा शिरस्त्राण घालून तयार होते. तरीही नऊ वाजेपर्यंत थांबलो. निफाडचा पारा हिवाळ्यात पुष्कळदा राज्यात सर्वांत खाली असतो, आणि थंडीत रक्तदाब चढतो. ऊन अंगावर आल्यावर निघालो. कालव्याच्या भरावावरची वाट मोहक खरी, पण पाण्याच्या कडेने वृद्धांना नेऊ नये. आम्ही शेतातला रुंद मुरमाचा रस्ता धरला. पुढे अण्णा, मागे मी. ते बोलत होते, मला माझ्या शाळेतल्या खोड्या ऐकवत होते. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढाच दम लागावा, ही श्रमाची सोपी कसोटी. दोन किलोमीटरवर त्यांनी स्वतःच ब्रेक दाबला. “आता पुरे,” म्हणाले. परतताना बराचसा रस्ता ते सायकल हातात धरून चालले.

वाटेत भेटणारा प्रत्येक जण विचारी, “कुठं निघालात, गुरुजी?” अण्णा मला म्हणाले, “काठी हातात असली की लोक तब्येत विचारतात. सायकल असली की कुठं निघालात ते विचारतात.”

घरातील ज्येष्ठांची काळजी वाहणाऱ्यांना माझी विनंती आहे. ते पडले, तर आधी कारण शोधा. औषधांची यादी, आडवे व उभे राहून घेतलेला रक्तदाब, दृष्टी, साखर आणि पायांचे बळ हे सारे डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दुखणे, घेरी, फिट, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याविना सायकल नकोच. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. काहींच्या बाबतीत सायकल खरोखरच थांबवावी लागते. तेव्हाही तो निर्णय त्यांच्यासमोर बसून, त्यांना विचारून घ्या, आणि त्याऐवजी चालण्याची दुसरी वाट लगेच द्या. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

अण्णा आता रोज पारापर्यंत जातात. बहुतेक दिवशी सायकल ढकलतच नेतात. कुलूप अजून आहे, रात्री लावतात. किल्ली मात्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते.