ओंडक्यातला शिंपला

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंग असतं. टेबलावर ओळीनं बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीत फॉर्मलिनमध्ये बुडवलेला एक प्राणी, घंटी वाजली की पुढच्या बरणीकडे सरकायचं. नागपूरच्या एका कॉलेजात मी ही परीक्षा आधी दिली आणि पुढे नोकरीभर घेतली. मोलस्कांच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या, ओळीत कायटन, डेंटॅलियम, सेपिया, लोलायगो यांच्याबरोबर टेरेडोची एक बरणी असायची. आत पिवळट पडलेला, लांबुडका, कोणालाही किडाच वाटेल असा जीव. मुलं लिहीत: ‘शिपवर्म. लाकडी जहाजं पोखरतो. उपद्रवी.’ मी गुण देत असे. रेल्वेनं मुंबई गाठायची तर इथून आठशे किलोमीटरच्या वर प्रवास. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी समुद्र पाहिलेला नसायचा. त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा तरी काय करणार?

निवृत्तीनंतर घराची डागडुजी काढली. आमचं घर लकडगंजात, टेलिफोन एक्सचेंज चौकापासून आत. नावाप्रमाणेच ही लाकडाची वस्ती. लहानपणापासून आरा मशीनचा आवाज इतका कानात बसलेला, की सुट्टीच्या दिवशी ती बंद असली की चुकल्यासारखं वाटतं. पूर्वी इथं येणारा माल मुख्यतः आपल्याकडचाच: बल्लारशाच्या डेपोतला, आलापल्लीच्या जंगलातला साग. 1996 साली गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वृक्षतोडीवर आणि आरा मशीनवर कडक बंधनं घातली. त्यानंतर बाहेरदेशचं लाकूड वाढत गेलं. आता वखारीत विचारलं तर मलेशिया, आफ्रिका, बर्मा अशी नावं ऐकू येतात. जहाजानं कांडल्याला उतरायचं, गांधीधामच्या बाजारातून ट्रकनं नागपूरला यायचं, असा त्याचा प्रवास.

स्वयंपाकघराची आणि मागच्या दाराची चौकट सडली होती. सागाचा भाव ऐकून मी मागे सरले आणि मिस्त्रींनी सुचवलेलं मलेशियाचं लाकूड घ्यायचं ठरवलं. ओंडका समोर चिरून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. म्हणून आम्ही दोघं आरा मशीनवर उभे होतो. बाहेरून ओंडका धडधाकट दिसत होता. सालीखाली टाचणीच्या टोकाएवढी काही छिद्रं होती, तेवढीच. पहिली फळी सुटली आणि मिस्त्री ओरडलेच.

“मॅडमजी, हे पाहून राहिले का? कोणी तं यात चुना भरला!”

फळीवर करंगळीएवढ्या जाडीची नागमोडी भोकं होती आणि प्रत्येकाला आतून पांढरंशुभ्र अस्तर. मिस्त्रींनी वखारीच्या शेठकडे पाहून हळूच पुढचं वाक्य टाकलं, “चुना लावला न आपल्याले.” शेठनं हात वर केले. त्यालाही हे नवं नव्हतं. अशा फळ्या तो बाजूला काढून पॅकिंगच्या खोक्यांसाठी देऊन टाकत असे. पुढचा ओंडका चिरायला घेतोच म्हणाला.

मी मात्र त्या फळीपासून हलेना. घुण्याचं भोक असं नसतं. त्यातून पीठ गळतं आणि ते शेवटपर्यंत बारीकच राहतं. वाळवी लाकडात माती भरून ठेवते. इथं पीठ नव्हतं, माती नव्हती, भोक आत जाता जाता रुंदावत गेलं होतं आणि त्याच्या भिंती पॉलिश केल्यागत गुळगुळीत होत्या. मी एक तुकडा मागून घेतला. शेठनं पैसे घेतले नाहीत. उलट, निवृत्त बाई लाकडाचं काय करणार, अशा नजरेनं पाहिलं.

घरी बाथरूमच्या ॲसिडचे दोन थेंब अस्तरावर टाकले. फसफसलं. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पण जुना, वाळलेला चुनाही ॲसिडनं फसफसतो, त्यामुळे मिस्त्रींचं म्हणणं एवढ्यानं खोडून निघत नव्हतं. मग त्यांनाच पटाशी चालवायला सांगितली. तुकडा रेषेनं फाटला, भोक उभं उघडं पडलं आणि त्याच्या बंद टोकाशी वाटाण्याएवढे दोन शिंपले सापडले. भिंगाखाली धरले तर त्यांच्या पाठीवर कानशीवर असतात तशा दातेरी रेघांच्या ओळी. इतकी वर्षं बरणीतून पाहिलेला टेरेडोचा कुणीतरी भाऊबंद, सुकून, माझ्या ओट्यावर आला होता.

मिस्त्रींना सांगितलं, हा किडा नाही, शिंपला आहे. कोकणातल्या तिसऱ्या, कालवं ज्या वर्गात येतात त्याच वर्गातला. ते हसले. त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला, आणि त्यात त्यांचा दोष नाही. युरोपातल्या विद्वानांनाही लागला होता. 1730 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये समुद्र अडवणाऱ्या बंधाऱ्यांचे लाकडी खांब पटापट मोडू लागले, तेव्हा देशभर भीती पसरली. लोकांनी हा देवाचा कोप ठरवला. त्याच धामधुमीत गॉटफ्रीड सेलियसनं 1733 साली ग्रंथ लिहून दाखवून दिलं, की हा कृमी नसून मृदुकाय प्राणी आहे. बंधारे पुढे दगडानं मढवावे लागले.

या प्राण्यानं शिंपल्याच्या शरीराचं काय केलं आहे, ते पाहण्यासारखं आहे. इतर शिंपल्यांत कवच अंगाला झाकतं. याच्यात ते आक्रसून पुढच्या टोकाला गेलं आणि हत्यार झालं. दोन शिंपा आळीपाळीनं मागेपुढे हलवून तो लाकूड खरवडतो. उघडं पडलेलं मऊ शरीर मागे लांबत जातं. त्याच्या रक्षणासाठी भोकाच्या भिंतीला तो चुन्याचं अस्तर लावतो. मिस्त्रींनी म्हटलेला चुना खोटा नव्हता, फक्त भरणारा माणूस नव्हता. अगदी मागच्या टोकाला दोन नळ्या. एकीनं पाणी आत, दुसरीनं बाहेर. त्या नळ्या प्रवेशद्वाराच्या बारीक छिद्रातून समुद्रात डोकावतात. धोका वाटला की त्या आत ओढून घेतो आणि पॅलेट नावाच्या दोन चिमुकल्या झाकणांनी छिद्र बंद करतो. जात ओळखायची ती प्रामुख्यानं या पॅलेटवरून: टेरेडोची वल्ह्यासारखी, बँकियाची शंकू एकात एक बसवलेली. माझ्या तुकड्यात शिंपा मिळाल्या, पॅलेट गळून गेले होते. त्यामुळे तो शिपवर्म होता एवढंच म्हणता येतं, कोणता ते नाही.

बाहेरून ओंडका धडधाकट का दिसला, त्याचं उत्तरही इथंच आहे. डिंभावस्थेत हा प्राणी पाण्यात पोहत असतो, डोळ्यांना जेमतेम दिसावा एवढा. लाकूड भेटलं की टेकतो, आत शिरतो आणि मग आयुष्यभर बाहेर येत नाही. आत तो वाढतो, दार तेवढंच राहतं. शिरताना आडवा जातो, पुढे लाकडाच्या रेषेला धरून वळतो. एकाच ओंडक्यात शेकड्यांनी दाटी झाली तरी एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकात घुसत नाही. माझ्या फळीवरही दोन बोगदे अगदी कागदाएवढं अंतर ठेवून शेजारून गेले होते. मार्क ब्रुनेल या अभियंत्यानं टेम्स नदीखालच्या बोगद्यासाठी जे ढालीचं यंत्र 1818 मध्ये नोंदवलं, ते शिपवर्म पाहून सुचलं, असं सांगतात. तो बोगदा 1843 साली खुला झाला.

पण मला सर्वांत नवल वाटतं ते त्याच्या पचनाचं. लाकूड चावणं वेगळं आणि पचवणं वेगळं. गाय गवत पचवते ती तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर. शिपवर्मचे जिवाणू राहतात कल्ल्यांत, म्हणजे अन्नाच्या वाटेवर नाहीतच. तिथं ते सेल्युलोज फोडणारी विकरं तयार करतात आणि ती विकरं आतड्याकडे पोचतात. शिवाय लाकडात नायट्रोजन फारच थोडा. ती उणीवही हे जिवाणू पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू बांधून भरून काढतात. त्यांतल्या एका जिवाणूचं नाव टेरेडिनिबॅक्टर टर्नरी. ते हार्वर्डच्या रूथ टर्नर यांच्यावरून ठेवलेलं. या बाईंनी 1966 साली जगभरच्या शिपवर्मांची सचित्र सूची प्रसिद्ध केली आणि 1971 मध्ये ॲल्विन पाणबुडीतून समुद्रतळ गाठला. आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नाव कधी आलं नाही. मीही ते निवृत्तीनंतरच वाचलं.

नोकरीत असताना मुलांना अभ्याससहलीला रत्नागिरीला नेत असू. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय पाहायचं, भरती-ओहोटीच्या खडकांवर शंख, खेकडे, समुद्रफुलं दाखवायची, असा ठरलेला क्रम. एकदा खाडीच्या काठावर पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या होड्यांजवळ एक म्हातारे तांडेल बसले होते. एका टाकून दिलेल्या फळीला पाय लावून त्यांनी ती मोडून दाखवली होती: आत नुसती जाळी. होडी वर घेऊन चांगली वाळू दिली की किडा मरतो, म्हणाले. गोड्या पाण्यातही बहुतेक शिपवर्म टिकत नाहीत. हे जहाजं हाकणाऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक आहे. मुलांनी तेव्हा त्या फळीचे फोटो काढले आणि सगळे पुन्हा मत्स्यालयातल्या रंगीत माशांबद्दल बोलू लागले. समुद्री जैवविविधता म्हटली की आपल्यालाही प्रवाळ, डॉल्फिन, कासवंच आठवतात.

इतिहासात मात्र या शिंपल्यानं डॉल्फिनपेक्षा कितीतरी जास्त ढवळाढवळ केली आहे. कोलंबसची चौथ्या सफरीतली जहाजं इतकी पोखरली गेली, की 1503 साली ती जमैकाच्या किनाऱ्यावर चढवून त्याला अडकून पडावं लागलं. 1919 ते 1921 या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातले धक्के एकामागून एक कोसळले. जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायची पद्धत याच्याच धाकानं रुळली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जहाजं बांधली, त्यांतलं 1817 चं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. सागाला शिपवर्म लागतच नाही असं नाही, पण तो इतर लाकडांपेक्षा दम धरतो. उलट बाजूनं पाहायचं तर स्वीडनचं ‘वासा’ 1628 मध्ये बुडालं आणि 1961 मध्ये जवळपास सबंध वर आलं. बाल्टिक समुद्राचं पाणी शिपवर्मला पुरेसं खारट नाही, म्हणून.

माझा ओंडका कुठे बाधला असेल, हे शेठशी बोलताना लक्षात आलं. मलेशियाकडे हलकं लाकूड नदीच्या मुखाशी, खाडीत तराफे बांधून तरंगत ठेवतात, जहाज येईपर्यंत. भरतीचं खारं पाणी, स्थिर लाकूड. डिंभांना आणखी काय हवं? शेठचा प्रश्न व्यवहाराचा होता: हे माझ्या वखारीत पसरेल का? नाही. समुद्राबाहेर तो केव्हाच मेलेला असतो. वखारीला भीती आहे ती घुण्याची आणि वाळवीची. शेठचा चेहरा खुलला. मिस्त्रींचा नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं भोक ते भोक, कोणी का पाडेना.

तो तुकडा मी जुन्या कॉलेजात घेऊन गेले. बरणीपुढे जांभया देणारी पोरं तुकड्याभोवती गोळा झाली, कारण तो लकडगंजातून आला होता. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, लाकूड संपलं तर हा काय करतो?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. बाहेर पडायची सोय नाही. जागा संपत आली की तो खोदणं थांबवतो आणि पुढचं टोकही चुन्यानं बंद करून घेतो. नळ्यांतून येणाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून थोडाफार निभाव लागतो. फार दाटीच्या लाकडात हे प्राणी खुरटलेलेच राहतात. पण तोवर त्यानं लाखोंनी डिंभ पाण्यात सोडलेले असतात.

त्याच तासाला मी ‘उपद्रवी’ या उत्तराला पूर्ण गुण द्यायला नको होते का, यावर वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे. नद्या समुद्रात लाकूड लोटत असतात, खारफुटीची झाडं मरून पाण्यात पडत असतात. ते सगळं मोडून, पचवून पुन्हा अन्नसाखळीत आणणारे जे थोडे प्राणी आहेत, त्यांत हा पहिला. त्यानं सोडलेल्या भोकांत मासे, खेकडे, कृमी आसरा घेतात. फिलिपिन्समध्ये तर माणसं तो ‘तामिलोक’ म्हणून कच्चा खातात. शिवाय याच कुळात कूफस नावाचा चिखलात राहणारा दीड मीटरपर्यंतचा प्राणी आहे. त्याचा जिवंत नमुना शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये अभ्यासला, तर त्यानं लाकूड सोडून गंधकावर जगणारे जिवाणू पाळलेले निघाले. 2019 मध्ये फिलिपिन्समधल्याच अबातान नदीत लिथोरेडो सापडला, तो चक्क चुनखडक कोरून गिळतो. लाकूड, चिखल, दगड, एवढा पसारा एका कुळात. जहाजाचं नुकसान ही माणसाची बाजू झाली. प्राणिशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत तेवढीच येत असेल तर गुण कापायला हवेत.

चौकटी शेवटी बल्लारशाच्या सागाच्याच केल्या. खिसा हलका झाला, मिस्त्री खूश झाले. शेठनं मला कबूल केलं आहे, की असा माल पुन्हा चिरला गेला तर तो बाजूला ठेवील. लकडगंजातल्या बाकीच्या वखारवाल्यांनाही माझं सांगणं एवढंच: पांढऱ्या अस्तराची फळी खोक्यांना देण्यापूर्वी तिचा वीतभर तुकडा जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात पाठवा. शिंपा आणि पॅलेट दोन्ही सापडले तर जातही ठरवता येईल, आणि फॉर्मलिनची बरणी एकदाची कपाटात ठेवता येईल.