खानेसुमारी आणि पाडा

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. या तालुक्यातील एखादे गाव नकाशावर एका बिंदूने दाखवलेले पाहिले की मला जनगणनेचा जुना शब्द आठवतो : खानेसुमारी. फारसीत खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. ‘मौजे’, ‘तालुका’ हे मूळचे अरबी शब्दही फारसी दफ्तराच्याच वाटेने मराठीत आले. सातपुड्यात मात्र भिल्ल-पावरांची घरे डोंगरउतारांवर, आपापल्या शेतालगत विखुरलेली. असे अनेक पाडे मिळून एक मौजे. बिंदू नेमका कोणत्या पाड्यावर ठेवायचा? सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात महाराष्ट्रातील नर्मदाकाठची ३३ गावे आली, त्यांत अक्राणीचीही होती. सखल पाड्यांत पाणी शिरले, उंचावरची काही घरे राहिली. अशा गावाची लोकसंख्या एका आकड्यात वाचताना मी तरी थबकतो.